मॉडिफाय केलेली जुनी ट्रुएनो विकताना: आधी पत्रा दाखवा, मग इंजिन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९८६ची टोयोटा ट्रुएनो हॅचबॅक, म्हणजे एई८६ मालिकेतली. मूळ इंजिन काढून टोयोटाचंच २० व्हॉल्व्हचं ‘ब्लॅकटॉप’ इंजिन बसवलेलं, स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा संगणक), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं स्प्रिंग-शॉकचं सस्पेन्शन), रुंद फेंडर (चाकांवरची आवरणं), मागची सीट काढून बोल्टनं बसवलेला रोल केज (केबिनमधला लोखंडी नळ्यांचा सांगाडा). इतक्या वर्षांत गाडीवर जेवढा पैसा गेला त्याच्या निम्म्याच्या आसपास ऑफर येतायत. एक जण नुसतं इंजिन आणि गिअरबॉक्स मागतोय. मित्र म्हणतात, सगळं उतरवा, गाडी स्टॉक करा, म्हणजे मूळ रूपात आणा, आणि मग विका. तर विकायची कशी, आणि मागायचं किती?

मी जुन्या जपानी गाड्यांची कामं करतो आणि ओळखीच्यांचे व्यवहारही जुळवून देतो, त्यामुळे विकणारा आणि घेणारा दोघांचीही बोलणी कायम कानावर असतात. माझं मत असं की गाडी आहे तशीच विका. स्टॉक करायच्या भानगडीत पडू नका आणि इंजिन तर अजिबात वेगळं काढू नका. मात्र जाहिरात तुम्ही आता जशी लिहिलीय तशी चालणार नाही. ती इंजिनापासून सुरू होते, मग चाकं, मग सीट, आणि पत्र्याबद्दल अगदी शेवटी दोन शब्द: ‘बॉडी ओके’. गिऱ्हाईक खरे पैसे मोजणार आहे ते त्या दोन शब्दांवर.

का, ते सांगतो. ४ए-जीई हे टोयोटानं भरपूर गाड्यांत घातलेलं इंजिन. तुमचं ब्लॅकटॉप हा त्याचाच एक अवतार; ते १९९५मध्ये एई१११ मालिकेच्या फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत आलं, आणि ते आजही शोधलं की मिळतं. मागच्या चाकांवर चालणारी, वजनानं टनाच्या आत असलेली एई८६ची बॉडी मात्र १९८३ ते १९८७ एवढीच निघाली. उरल्यात त्यातल्या बऱ्याच गंजानं आणि ड्रिफ्टिंगच्या ठोकाठोकीनं संपत चालल्यात. म्हणून ज्याला ही गाडी कळते तो बोनेट उघडायच्या आधी जमिनीवर आडवा होऊन खाली बघतो.

त्याची नजर कुठे जाते ते तुम्हाला आधी माहीत हवं. मागच्या चाकांवरच्या कमानी, दोन्ही सिल (दारांखालचे पत्र्याचे पट्टे), मागच्या दाराची खालची कड, टेल लॅम्पच्या मागचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या उभ्या नळ्यांचे) टॉवर. सनरूफ असेल तर त्याच्या पाण्याच्या नळ्या जिथे बाहेर पडतात ती जागा. जुन्या होंडा सिव्हिकचंही गणित फार वेगळं नाही, तिथेही मागच्या कमानी आधी जातात. या सगळ्या जागांचे फोटो धुतलेल्या, कोरड्या गाडीचे, लिफ्टवर घेऊन, दिवसाच्या उजेडात काढा. खालून ताजं काळं अंडरकोटिंग मारून फोटो काढू नका. काळा थर दिसला की घेणारा त्याखाली भोक आहे असंच धरून चालतो, आणि मला विचाराल तर तो बरोबर करतो.

तुमच्या गाडीत सगळ्यात नाजूक जागा आहे ती रुंद फेंडरांची. एन२ पद्धतीचे (रेसिंग गाड्यांसारखे रुंद) फेंडर बसवायचे आणि आत रुंद चाक मावायला हवं असेल, तर मागची कमान कापावी लागते. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा एका शिवणीवर जोडलेले असतात. कापताना ती शिवण जाते. चांगला पत्रेवाला दोन्ही पत्रे पुन्हा एकमेकांवर ठोकून सलग वेल्ड करतो, सीलंट भरतो, रंग देतो आणि मग वर फायबरचा फेंडर येतो. घाईचं काम असेल तर कापलेली कड तशीच राहते, फेंडर रिव्हेटवर बसतो, आणि चाकानं उडालेलं पाणी त्या फटीतून आत शिरून सिलमध्ये साचतं. बाहेरून दोन्ही गाड्या हुबेहूब सारख्या दिसतात. म्हणून एका बाजूचा मागचा फेंडर उतरवा आणि आतली कड जवळून फोटोत घ्या. वेल्डिंग सलग दिसलं तर हा एक फोटो तुमच्या डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदापेक्षा जास्त काम करेल. कड उघडी सापडली तर विकण्याआधी ते काम करून घ्या. मॉडिफाय केलेल्या गाडीवर विकायच्या वेळी केलेला जो थोडाफार खर्च हमखास वसूल होतो त्यातला हा एक.

रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर छप्पर, दारं, बोनेट आणि कमानी मोजून आकडे लिहून ठेवा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. तीनशेच्या वर गेला की रंग दुसऱ्यांदा झालाय किंवा खाली पुट्टी आहे, आणि पुढे आकडा हजाराकडे जायला लागला की पुट्टी जाड आहे. जवळजवळ चाळीस वर्षांच्या गाडीत दुसरा रंग असणारच. तो लपवायचा नसतो. कुठे, केव्हा आणि कशासाठी मारला ते सांगायचं असतं.

आता चॅसी नंबर. जपानी बाजारासाठीच्या या गाड्यांवर हल्लीसारखा सतरा आकड्यांचा नंबर नसतो. आधी मॉडेलचा कोड आणि मग अनुक्रमांक, असा नंबर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) ठोकलेला असतो. तो एई८६नं सुरू होतो की एई८५नं, यावर किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एई८५ म्हणजे दिसायला तीच गाडी, पण दीड लिटरच्या आतलं सिंगल कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा एकच दांडा असलेलं) इंजिन असलेली. तिच्यात ट्विन कॅम घालून ती एई८६ म्हणून विकल्याची प्रकरणं होत असतात, म्हणून जाणकार माणूस नंबराचा फोटो पहिल्याच निरोपात मागतो. अमेरिकेत विकलेल्या गाड्यांत आणखी गुंता आहे: तिथल्या जीटी-एस या वरच्या मॉडेलच्या नंबरात ८८ येतं आणि साध्या एसआर५ मॉडेलच्या नंबरात ८६. त्यामुळे तुमची गाडी मूळ कुठल्या बाजारातली आहे तेही स्पष्ट लिहा.

तुमच्या गाडीत याला आणखी एक पदर आहे. ब्लॅकटॉपचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) हेडच्या मागच्या टोकाला असतो. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन आडवं असल्यामुळे तो कुणाच्या आड येत नाही, पण एई८६मध्ये इंजिन गाडीच्या लांबीत उभं बसलं की तो थेट फायरवॉलला भिडतो. यावर दोन उपाय करतात. एक तर फायरवॉल ठोकून तिथे खोलगट जागा करायची, नाहीतर डिस्ट्रिब्यूटर काढून टाकून कॉइलवर इग्निशन चालवायचं. तुम्ही काय केलंय ते प्रश्नात लिहिलेलं नाही. फायरवॉल ठोकली असेल तर घेणाऱ्याला नंबराच्याच पत्र्यावर हातोड्याचा मार दिसणार, आणि तुम्ही कारण सांगितलं नसेल तर त्याच्या डोक्यात भलतंच येणार. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यानं विचारायच्या आधी तुम्हीच फोटो टाका, खाली दोन ओळींत कारण लिहा. इंजिन बे नव्यानं रंगवताना नंबराचे आकडे रंगानं भरून गेले असतील तर कुठल्याही परिस्थितीत घासू नका. सौम्य पेंट रिमूव्हर आणि मऊ ब्रश, बस्स. आणि बदललेल्या इंजिनाचा नंबर नोंदणीच्या कागदावर चढवलेला नसेल तर जाहिरात देण्याआधी ते पूर्ण करा. कागदावर एक इंजिन आणि बोनेटखाली दुसरं, अशी गाडी घ्यायला कर्ज देणारा आणि विमा देणारा दोघेही कचरतात, आणि नेमकं तिथे सौदा मोडतो.

स्टॉक करण्याबद्दल. हा सल्ला काही गाड्यांना बरोबर लागू पडतो. सगळे बदल बोल्टवर बसलेत, मूळ इंजिन तेच आहे, काढलेले भाग डब्यात जपून ठेवलेत, अशी गाडी असेल तर परत मूळ रूपात आणावी. संग्रह करणारा गिऱ्हाईक तिथे उघड जास्त देतो. तुमची गाडी त्यातली नाही. कमानी कापल्या की ती वाट संपली. कॉइलओव्हरचंही पाहा: या गाडीच्या पुढच्या बाजूला बरेचसे कॉइलओव्हर मूळ स्ट्रटची नळी कापून, त्यावर आट्यांची स्लीव्ह वेल्ड करून बसवतात. म्हणजे ‘बोल्ट-ऑन’ म्हटलेल्या वस्तूसाठीही तुमचे मूळ स्ट्रट गेलेले असू शकतात. टोयोटानं २०२१ पासून हेरिटेज पार्ट्सखाली या गाडीचे काही भाग पुन्हा बनवायला घेतलेत, पण ते हातावर मोजण्याइतके. त्यातून अख्खी गाडी उभी राहत नाही. बाकी सगळं जुन्या बाजारातून गोळा करावं लागेल, आणि आज तेच महाग झालंय. एवढं करून हाती येईल ती कमान दुरुस्त केलेली, सीटचं कापड बदललेलं, कुठल्याच गिऱ्हाइकाला पूर्ण न पटणारी गाडी.

पण मूळ भाग घरात असतील तर त्यांना कमी लेखू नका. न तडकलेला डॅशबोर्ड, मूळ स्टिअरिंग, मागची सीट आणि तिचे पट्टे, दारांचे पॅनेल, एअर क्लीनरचा डबा, मूळ चाकं. हे सगळं एका चादरीवर मांडून एक फोटो काढा आणि गाडीबरोबरच द्या. सुटं विकून चार पैसे लवकर मिळतील, पण गाडीच्या भावातून त्याहून जास्त जातील. मागची सीट तर परत बसवाच. केज बोल्टचा आहे, त्याचा मागचा भाग काढता येतो. रस्त्यावर हेल्मेट न घालता फिरणाऱ्या माणसाच्या डोक्याजवळ लोखंडी नळी असणं धोक्याचं आहे, आणि ज्याच्या घरी मूल आहे असा गिऱ्हाईक केज पाहूनच मागे फिरतो. काढलेला भाग बाजूला ठेवून दाखवा. ट्रॅकवाला आला तर त्याला तो हवाच असेल.

आता भाव. हौसेला मोल नसतं, त्यामुळे खर्चाची तुमची बेरीज आधी बाजूला ठेवा. मजुरी पूर्ण शून्य धरा. एखाद्याला तीच कॉइलओव्हर हवी असतील तरी तो वापरलेल्या वस्तूचाच भाव देणार, आणि नको असतील तर ती काढून टाकायचा खर्च मनातल्या मनात वजा करणार. मी दोन आकडे काढतो. खालचा आकडा: चालती, सरळ बॉडी आणि कागद यांची किंमत, अधिक मोठ्या वस्तूंचा वापरलेल्या अवस्थेतला बाजारभाव, त्यातून त्या सुट्या करून विकायला लागणारे कष्ट आणि महिने वजा. याखाली कुणी मागितली तर हसून नाही म्हणा. वरचा आकडा: तुमच्यासारखीच बांधलेली, कागद पूर्ण असलेली गाडी खरोखर विकली गेली त्या रकमेचा. मागितलेल्या भावाचा काही उपयोग नाही. वर्षभर त्याच भावात पडून असलेली जाहिरात एवढंच सांगते की तो भाव कुणाला परवडलेला नाही.

तुमची गाडी या दोहोंत कुठे बसते, ते इंजिन कुणी आणि कसं बदललं यावर ठरेल. घेणारे इंजिन बदलण्याचीही प्रतवारी लावतात. त्याच घराण्यातलं इंजिन, त्याच कंपनीचं, माउंट आणि वायरिंग नीट केलेलं, याला मान मिळतो. ब्लॅकटॉप त्यातच मोडतं. सिव्हिकमध्ये होंडाचं बी१६ए इंजिन चालून जातं ते याच कारणानं, ते होंडानं स्वतःच सिव्हिकच्या ईएफ मालिकेतल्या एसआयआर मॉडेलमध्ये दिलं होतं. भलत्याच कंपनीचं दुप्पट ताकदीचं इंजिन कोंबलेली गाडी मात्र अगदी मोजक्या लोकांना चालते. थांबायची तयारी असेल तर त्यातला एखादा येतो, पण तोवर महिने जातात.

इंजिनाचा पुरावा म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब देतो त्याची चाचणी) करा आणि नीट करा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि थ्रॉटल पूर्ण उघडा. ब्लॅकटॉपला प्रत्येक सिलिंडरचा वेगळा थ्रॉटल असतो, तेव्हा चारही फुलपाखरं (थ्रॉटलच्या झडपा) सारखी उघडतात का ते डोळ्यांनी बघून घ्या, नाहीतर चांगल्या इंजिनाचेही आकडे वरखाली येतील. चार सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. एक गोष्ट बऱ्याच विकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही: मोठे कॅम घातलेले असतील तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, पिस्टन वर येताना थोडी हवा परत बाहेर जाते आणि स्टार्टरवरचं कॉम्प्रेशन पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी दाखवतं. इंजिन ठणठणीत असतं, पण आलेला माणूस मीटर बघून भाव पाडतो. त्यासाठी लीक-डाउन टेस्टही (सिलिंडरमधून किती हवा गळते त्याची चाचणी) करून ठेवा. त्यात पिस्टन वरच्या टोकाला थांबवून हवा सोडतात, त्यामुळे कॅमचा परिणाम येत नाही. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर वाद तिथेच संपतो.

डायनोचा कागद असेल तर त्यावरची तारीख, इंधन आणि आकडा चाकांवरचा की इंजिनाचा, हे लिहा. ब्लॅकटॉपचा कंपनीनं दिलेला आकडा १६५ पीएस (अश्वशक्तीचं माप), तोही इंजिनावरचा. चाकांवर तो त्याहून कमीच येणार. कमी दिसेल म्हणून तो कागद लपवू नका. जाहिरातीत १६५ आणि कागदावर त्याहून कमी, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात त्याचं त्यालाच आलं तर बाकीच्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास जातो.

मीटरचंही असंच. डिफरन्शिअलचा (मागच्या अॅक्सलमधल्या गिअरांचा) मूळ ४.३ रेशो काढून ४.७७८ घातला असेल, तर गिअरबॉक्सवरून चालणारं स्पीडोमीटर तेव्हापासून सुमारे अकरा टक्के जास्त किलोमीटर मोजतंय. टायरचा घेर बदलला असेल तर त्याचाही फरक येतो. ‘इतक्या किलोमीटरला रेशो बदलला’ एवढं लिहिलं की पुरे. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांवरून त्याचं वय कळतं, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी जुना टायर घेणारा हिशेबात धरत नाही. हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) असेल तर त्याच्या एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेच्या) लेबलवरची मुदतही बघा, ती पाच वर्षांत संपते. रस्त्यावर त्यानं फरक पडत नाही, पण ट्रॅकवाल्याला नवीन घ्यावा लागतो.

जाहिरात लिहिताना क्रम असा ठेवा: नंबर आणि कागद, मग पत्रा, मग काय कापलं आणि काय वेल्ड केलं, मग इंजिन कुणी बसवलं आणि त्याचे आकडे, आणि शेवटी दोष. दोष मोकळेपणानं लिहा, अगदी दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो इथपर्यंत. पुढे घासाघिशीत त्यातला एकही मुद्दा तुमच्यावर उलटत नाही. थंड इंजिन सुरू करतानाचा, सायलेन्सरचा धूर दिसेल असा न थांबवता काढलेला एक व्हिडिओ जोडा. दूरच्या देशातला गिऱ्हाईकही असू शकतो: अमेरिकेत २५ आणि कॅनडात १५ वर्षांहून जुनी गाडी आयात करणं सोपं जातं आणि तुमची ती हद्द केव्हाच ओलांडून गेलीय. त्याच्यासाठी फोटो हीच भेट असते. पण जो गाडी न बघता, एका शब्दाचीही घासाघीस न करता सांगितलेल्या रकमेपेक्षा जास्त पाठवतो आणि वरचे पैसे वाहतूकदाराला द्या म्हणतो, त्याला उत्तरच देऊ नका. ही फसवणूक जुनी आहे आणि अजूनही चालते.

गाडी घराच्या दारात उभी करून, घर ओळखू येईल असे फोटो टाकू नका. या गाड्या चोरांनाही ठाऊक असतात. ट्रायलला आधी तुम्ही चालवा, समोरच्याला शेजारी बसवा. त्याच्या हातात स्टिअरिंग द्यायचं ते परवाना बघून आणि विमा त्याला लागू होतो याची खात्री करूनच. रेसिंग क्लच न चालवलेल्या माणसाकडून चढावर गाडी पाच वेळा बंद पडते आणि तो गाडीलाच नावं ठेवतो; आधी मोकळ्या मैदानात दोन फेऱ्या मारू द्या.

राहिला तो फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स मागणारा. त्याची ऑफर सध्या सगळ्यात रोख आणि सगळ्यात सोपी वाटते, म्हणून मोह होतो. पण इंजिन गेलं की तुमच्याकडे उरते कापलेल्या कमानींची, ढकलत न्यायची बॉडी, आणि तिची चाचणी कुणालाच घेता येत नाही. चालू गाडी म्हणून मिळणारा सगळा भरवसा तिथे संपतो. त्याला स्पष्ट सांगा की गाडी पूर्ण विकायचीय, आणि सहा महिने काही जमलं नाही तर फोन करतो. तो थांबतो की नाही हे त्याच्यावर सोडा.

सौदा ठरला की इसार घ्या, पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम आणि मुदत लिहा. उरलेले पैसे खात्यात जमा झालेले बँकेकडून खात्री करूनच किल्ली द्या. त्याच दिवशी ईसीयूचा पासवर्ड, ट्यूनची फाइल, जोडायची केबल, वायरिंगचा नकाशा आणि, इंजिन बसवणाऱ्याची परवानगी असेल तर, त्याचा संपर्क घेणाऱ्याला द्या. कुलूप लावलेला ईसीयू म्हणजे घेणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून ट्यून करून घेण्याचा खर्च. आणि तुमच्या नावाचा विमा रद्द करायच्या आधी नोंदणीत मालकाचं नाव बदलल्याची पोच हातात घ्या.